वॉरहॅमरमधला तोफखाना: बार काढायच्या आधीची कामं

तोफा घेतल्या, टेकडीवर ओळीत मांडल्या, पहिल्या टर्नला समोरच्या सगळ्यात मोठ्या प्राण्यावर बार काढला, तो फुसका गेला, आणि मग गेमभर फाशांना शिव्या. वॉरहॅमर फँटसी या छोट्या पुतळ्यांनी आणि फाशांनी टेबलावर खेळायच्या युद्धखेळात हे इतक्या नियमाने दिसतं की दोष फाशांचा नाही, क्रमाचा आहे हे कुणाला सुचतच नाही. तोफखान्याचं बरंचसं काम शूटिंग फेज (टर्नमधला माऱ्याचा टप्पा) सुरू होण्याआधी उरकलेलं असतं: सैन्याची यादी करताना, मांडणी करताना आणि आपलीच माणसं हलवताना. म्हणून इथे तोच क्रम धरला आहे.

उदाहरणं आठव्या आवृत्तीची आहेत (२०१० ते २०१५) आणि मुख्यतः एम्पायर या माणसांच्या सैन्याची, कारण तोफखान्यातले बहुतेक प्रकार त्यांच्याकडे एकत्र सापडतात. ड्वॉर्फ, ब्रेटोनिया, हाय एल्फ, गॉब्लिन कुणीही असा, पायऱ्या त्याच.

## १. यादी करताना: आधी काम, मग तोफ

यादीत तोफ लिहिण्यापूर्वी तिच्यापुढे एक वाक्य लिहून पाहा: ही नेमकं कुणाला मारणार? उत्तर ‘जे समोर येईल त्याला’ असेल तर ती तोफ घेऊ नका.

सरळ गोळा टाकणारी तोफ (ग्रेट कॅनन, १२० पॉइंट; पॉइंट म्हणजे यादीतली किंमत) ही मोठी राक्षसी जनावरं, रथ आणि चिलखती वाहनं यांच्यासाठी आहे. तिची स्ट्रेंग्थ (माऱ्याचा जोर) १०, तिच्यापुढे आर्मर सेव्ह (चिलखताने वाचायची संधी) नाही, आणि एका हिटला सहाबाजूच्या फाशाइतके वूंड (जिवाचे गुण) जातात. मॉर्टार (१०० पॉइंट) आणि दगडफेकी यंत्रं दाट पायदळासाठी. बोल्ट थ्रोअरची स्ट्रेंग्थ ६ आणि प्रत्येक वूंडमागे तीनापर्यंत वूंड, तेव्हा घोडदळ आणि अर्धमेलं जनावर हे त्याचं गिऱ्हाईक. हेलब्लास्टर व्हॉली गनचा पल्ला फक्त २४ इंच. ती मारायची तोफ कमी आणि धाक दाखवायची जास्त. तिच्या पुढ्यात कुणी सहसा येत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं.

दोन हजार पॉइंटच्या आसपास दोन कॅनन आणि एक टेम्प्लेटवालं (गोल चकतीखाली येईल त्याला मारणारं) यंत्र एवढं बहुतेकांना पुरतं. एकटी कॅनन मात्र शक्यतो नको. आर्टिलरी डाइसला (तोफांच्या खास फाशाला) सहा बाजू: २, ४, ६, ८, १० आणि मिसफायर, म्हणजे फसलेला बार. म्हणजे प्रत्येक बार काढताना मिसफायरची शक्यता सहात एक. सहा टर्नच्या गेममध्ये तोफ प्रत्येक टर्नला डागली, तर एकदाही मिसफायर न होण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश. कधीतरी तोफ गप्प बसणार हे गृहीत धरूनच यादी करायची.

इंजिनिअर (६५ पॉइंट) घेतला की तीन इंचांतल्या एका यंत्राचा आर्टिलरी डाइस पुन्हा टाकता येतो. ड्वॉर्फ खेळणाऱ्यांना हेच काम रून ऑफ फोर्जिंग (यंत्रावरची जादूची खूण) करून देतो. दोन किंवा जास्त यंत्रं असतील तर हा खर्च मी तरी कधीच कापत नाही. लोक आधी तोच कापतात आणि त्या पॉइंटांत जादूची तलवार घेतात.

तपासा: गार्डसाठी पॉइंट ठेवलेत का? यंत्रांवर टाकलेल्या पॉइंटांच्या निदान एक चतुर्थांश रक्कम त्यांच्या राखणीवर जायला हवी.

## २. घरून निघताना

इंचांची टेप, आर्टिलरी डाइस, स्कॅटर डाइस (टेम्प्लेट कुठल्या दिशेला भरकटतं ते सांगणारा), ३ आणि ५ इंचांचे गोल टेम्प्लेट, आणि दृष्टिरेषेसाठी साधा लेसर पॉइंटर. यात एक घरगुती वस्तू जोडा: पुठ्ठ्याची १० इंचांची पट्टी, दर दोन इंचांवर रेघ मारलेली. कॅननचा नेम धरताना ही टेपपेक्षा भरभर चालते, आणि समोरच्यालाही गोळा कुठे पडला, कुठे उसळला ते डोळ्यांनी दिसतं.

गेम सुरू होण्यापूर्वी समोरच्याशी तीन गोष्टी बोलून घ्या. जंगलातून आरपार दिसतं का. टेकडीच्या उतारावर यंत्र उभं राहू शकतं का. आणि ज्या मॉडेलचे पंख-शेपट्या बेसबाहेर (पायाखालच्या ठोकळ्याबाहेर) गेल्यात त्यांचं काय. तिसऱ्या टर्नला ड्रॅगनवर गोळा पडल्यावर हा वाद काढला की गेम तिथेच नासतो.

## ३. टेबल वाचा

बाजू निवडायची संधी मिळाली की सगळ्यांची नजर टेकडीकडे जाते. टेकडी चांगलीच, पण एका अटीवर: तिच्यावरून निघणाऱ्या वाटा मोकळ्या हव्यात. समोर बारा इंचांवर इमारत असलेल्या टेकडीपेक्षा सपाट जमिनीवरची मोकळी पट्टी बरी.

यंत्र जिथे ठेवायचा विचार आहे तिथे डोकं टेबलाच्या पातळीला आणा आणि तोफेच्या मागून पाहा. आठव्या आवृत्तीत मॉडेलला जे खरोखर दिसतं तेच धरतात, त्यामुळे वरून पाहून बांधलेला अंदाज हमखास चुकतो. मग शत्रूच्या मोठ्या जनावराला तुमच्यापर्यंत यायला कोणत्या दोन-तीन वाटा आहेत त्या मनात आखा. दोन कॅनन असतील तर एकीने सरळ वाट धरावी आणि दुसरीने तिरकी. दोघींना एकच वाट दिली तर एका घरामागे लपून शत्रू दोन्ही तोफा निकामी करतो.

## ४. मांडणी

लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात, म्हणून जरा सावकाश.

कधी मांडायच्या. आळीपाळीने मांडताना सगळी युद्धयंत्रं एकाच वेळी मांडावी लागतात. जागा वेगवेगळ्या चालतात, पण पाळी एकच. म्हणजे तोफा मांडल्या की तुमचा अर्धा डाव उघडा पडला. आधी दोन-तीन स्वस्त युनिटं टाका, समोरच्याचं जनावर किंवा रथ कुठल्या बाजूला उतरतोय ते बघा, मग तोफा. त्याच्या शेवटच्या युनिटपर्यंत थांबायचा मोह मात्र टाळा. तोवर चांगल्या जागी तुमचंच पायदळ येऊन बसलेलं असतं.

किती अंतरावर. यंत्रं एकमेकांना चिकटवू नका. तीन इंचांच्या टेम्प्लेटखाली दोन यंत्रं आली की शत्रूच्या एका दगडात तुमचे दोनशेच्या वर पॉइंट अडकतात. पण इंजिनिअरचा पल्ला तीनच इंच, म्हणून तो दोन तोफांच्या मधोमध आणि तोफा साधारण पाच इंचांवर, असं जमवता येतं. तिसरं यंत्र लांब दुसऱ्या बगलेला.

आणि सरळ ओळीत नको. उडणारं युनिट पहिल्या यंत्रावरची माणसं कापून पुढे सरकतं तेव्हा ते नाकासमोर जातं. तिथे दुसरी तोफ उभी असेल तर तीही गेली. एक पुढे, एक मागे, थोडी तिरकी अशी मांडणी हवी.

कडेला की नाही. टेबलाच्या मागच्या कडेला तोफ अगदी टेकवली तर तिच्या पाठीमागे गरुड किंवा हार्पी उतरायला जागा राहत नाही. हाय एल्फ किंवा डार्क एल्फसमोर हे उत्तम. पण समोर ड्वॉर्फ मायनर असतील, किंवा कडेवरून उशिरा आत येणारं दुसरं कुणी, तर तीच कड सापळा बनते. अशा वेळी तोफा आठ-दहा इंच आत घ्या आणि मागे एक लहान तुकडी उभी करा.

राखण. गार्ड तोफेच्या पुढे उभा करतात ती सगळ्यात जुनी चूक. पुढे उभा राहिला की तो दृष्टीही अडवतो आणि वाटही. राखण बाजूला आणि किंचित मागे हवी, तोंड तोफेच्या बगलेकडे वळवलेलं. मग तोफेवर चार्ज केलेल्या युनिटची बगल तुमच्या दहा-बारा हॅल्बर्डवाल्यांपुढे आपोआप येते. एम्पायरच्या डिटॅचमेंट (मोठ्या युनिटला जोडलेल्या लहान तुकड्या) या कामासाठीच जन्माला आल्यात.

> सावधान: उडणाऱ्यांची चाल १० इंच, चार्जला त्यात तीन फाशांपैकी सर्वांत लहान सोडून उरलेल्या दोघांची बेरीज. म्हणजे सरासरी चार्ज १८ इंचांच्या पुढे. ‘अजून लांब आहेत’ हे दुसऱ्या टर्नला म्हणायचं वाक्य नाही.

## ५. लक्ष्यांची यादी, बार काढायच्या आधी

मांडणी पूर्ण झाली की समोरच्या सैन्यातली तीन नावं क्रमाने ठरवा. क्रम लावताना एकच प्रश्न विचारायचा: माझं पायदळ हाताहातीत कुणाला आवरू शकत नाही? ते पहिलं. सर्वांत महाग युनिट नव्हे, सर्वांत भीतिदायक मॉडेलही नव्हे. हॅल्बर्डवाल्यांचा मोठा गठ्ठा ऑर्क बॉइजना थोपवून धरतो. जायंटला किंवा रथांच्या जोडीला नाही.

तोफांवर झडप घालणाऱ्या उडत्या शत्रूंना यादीत स्वतंत्र रांगेत ठेवा. ते पहिल्या टर्नला टप्प्यात असतील तर हॅन्डगनवाल्यांनी टिपावेत. गरुडासारख्या पन्नासेक पॉइंटच्या पक्ष्यावर कॅननचा गोळा फक्त नाइलाज असेल तेव्हाच.

पायदळात उभ्या असलेल्या सेनापतीवर नेम धरू नका. पाच किंवा जास्त साधे सैनिक असलेल्या युनिटमध्ये त्याला ‘लुक आउट सर’ (सैनिकाने त्याला वाचवायचा नियम) फाशावर २ किंवा जास्त आल्यावर मिळतो. सहात पाच वेळा गोळा कुणा बिचाऱ्या भालेवाल्याच्या वाट्याला जातो. तोच सेनापती ड्रॅगनवर बसला की गोष्ट वेगळी: गोळा जनावर आणि स्वार दोघांनाही लागतो.

तपासा: पहिल्या क्रमांकाच्या लक्ष्यावर निदान दोन यंत्रांची नजर आहे का? पाच वूंडच्या जनावराला एका हिटमध्ये लोळवायचं तर फाशावर ५ किंवा ६ लागतो. एका गोळ्याच्या भरवशावर बेत रचू नये.

## ६. हालचाल: वाट मोकळी ठेवा

मूव्हमेंट फेज शूटिंगच्या आधी येते, आणि आपलीच माणसं तोफेच्या तोंडापुढे इथेच येतात. प्रत्येक युनिट हलवण्यापूर्वी तोफ आणि लक्ष्य यांच्यात टेप ताणून ठेवा आणि त्या पट्टीत कुणी येऊ देऊ नका. नेमाच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे दोन इंच सोडलेले बरे, कारण समोरचाही हलणार आहे.

आपल्या युनिटांनी शत्रूशी झटापट सुरू केली की त्या शत्रूवर मारा करता येत नाही. घोडदळ दुसऱ्याच टर्नला उत्साहाने चार्ज करतं आणि तोफांचं उत्तम गिऱ्हाईक झाकून टाकतं. चार्ज जाहीर करण्याआधी स्वतःला विचारा, या टर्नचे गोळे मग कुणाला?

## ७. कॅननचा नेम

पूर्वीच्या आवृत्त्यांत अंतर डोळ्यांनी ताडावं लागे. आठव्यात आधी मोजायला मुभा आहे. तरीही नेम चुकतो, कारण लोक नेमाचा बिंदू थेट जनावराच्या पायाशी ठेवतात.

गोळा नेमाच्या बिंदूवर पडत नाही. आर्टिलरी डाइसवर येईल तेवढे इंच पुढे जाऊन पडतो, मग दुसऱ्यांदा टाकलेल्या डाइसइतका उसळतो, आणि पडल्यापासून थांबेपर्यंतच्या रेषेत जे येईल त्याला लागतो. बिंदू जनावराच्या पुढच्या कडेवर ठेवलात आणि बेस ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून किंचित कमी, तर डाइसवरचा सर्वांत लहान आकडा २ आला तरी गोळा डोक्यावरून गेला! चार इंच अलीकडे धरलात तरी हिट तीनात एकाहून कमी.

५० मिलिमीटर खोल बेससाठी बिंदू नऊ इंच अलीकडे धरा. पहिल्या फाशावर १० आले तर गोळा थेट अंगावर. २, ४, ६ किंवा ८ आले तर उसळून पोचायची संधी शिल्लक. सगळी बेरीज केली की हिटची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त निघते. १०० मिलिमीटर खोल रथाच्या बेससाठी सात इंच अलीकडे. तिथे शक्यता साठ टक्क्यांच्या वर चढते.

यातून एक उलटी वाटणारी गोष्ट निघते. कॅननचा गोळा डावी-उजवीकडे भरकटत नाही, चुकतो तो लांबीत. म्हणून रथावर समोरून मारणं बगलेतून मारण्यापेक्षा फायद्याचं, कारण समोरून बेस चार इंच खोल आहे. पायदळाचं बरोबर उलट. दहा रुंद, चार खोल अशा गठ्ठ्यातून समोरून गोळा गेला तर चार माणसं. बगलेतून गेला तर दहापर्यंत, अर्थात उसळी तेवढी लांब पडली तर.

नेमाची रेषा अशी निवडा की जनावर चुकलं तर पलीकडे दुसरं काहीतरी सापडेल. हे फुकटचं आहे, फक्त तोफ थोडी वळवायची.

> सावधान: बिंदू जाहीर करून मगच डाइस. ‘इथे कुठेतरी’ असं बोट दाखवून टाकलेला डाइस भांडण लावतो.

## ८. मॉर्टार आणि दगडफेके

इथे स्कॅटर डाइस येतो: दोन बाजूंना हिट, चार बाजूंना बाण. मिसफायर न होता टेम्प्लेट जागच्या जागी पडण्याची संधी १८ पैकी ५. उरलेल्या वेळी ते दोन ते दहा इंच कुठेतरी सरकतं, किंवा यंत्रच मिसफायर होतं. त्यामुळे एकट्या, बारक्या लक्ष्यावर दगड टाकणं म्हणजे पॉइंट फुकट घालवणं. जिथे दोन गठ्ठे शेजारी आहेत, तिथल्या मोठ्या गठ्ठ्याच्या मध्यावर टेम्प्लेट ठेवा. चार इंच सरकलं तरी कुणीतरी खाली येतंच.

बेसचा आकार बघा. तीन इंचांचं टेम्प्लेट नीट मधोमध बसलं तर २० मिलिमीटरच्या बेसवाली २१ मॉडेलं त्याला स्पर्श करतात. २५ मिलिमीटरच्या बेसवर तोच आकडा १३ वर येतो. स्केव्हन (उंदीरमाणसं) आणि गॉब्लिनांवर मारा करताना जे सुख मिळतं ते केऑस वॉरियर्सवर मिळणार नाही. तिथे चिलखतही आडवं येतं.

दगडफेक्यांना किमान १२ इंच अंतर लागतं. शत्रू त्याच्या आत शिरला की यंत्र मुकं होतं, म्हणून लक्ष्य बदलायचा विचार एक टर्न आधी करा. न दिसणाऱ्या जागेवरही मारा करता येतो, पण नेम आणखी ढिला पडतो. समोर दिसणारं काही असेल तर तेच घ्या.

## ९. शूटिंग फेजमधला क्रम

सगळे बार एका दमात काढू नका. आधी कॅनन, पहिल्या क्रमांकाच्या लक्ष्यावर. मेलं तर दुसरी कॅनन दुसऱ्या क्रमांकाकडे वळवा. एक-दोन वूंड उरले असतील तर बोल्ट थ्रोअर किंवा हॅन्डगन. दोन वूंडसाठी दुसरा गोळा खर्ची घालू नका. मग मॉर्टार. बंदूकवाले सर्वांत शेवटी, कारण ते कुणालाही लागू पडतात आणि राहिलेली उधारी तेच फेडतात.

पॅनिकचा हिशेब डोक्यात ठेवा. एका फेजमध्ये युनिटचे पाव सैनिक पडले की लीडरशिप टेस्ट, म्हणजे घाबरून पळतात का याची फाशांची परीक्षा. चाळीस गॉब्लिनांतले आठ मॉर्टारने पाडले असतील तर बंदुका दुसरीकडे वळवण्यात अर्थ नाही. आणखी दोन पाडा आणि टेस्ट घ्यायला लावा. त्यांचा बॅटल स्टॅन्डर्ड (सैन्याचा मुख्य झेंडेवाला) बारा इंचांत असेल तर टेस्ट पुन्हा टाकता येते, तेव्हा तो कुठे उभा आहे तेही आधी बघा.

मिसफायर आला आणि इंजिनिअरचा रीरोल शिल्लक असेल तर तिथेच वापरा. नुसता आकडा कमी पडला म्हणून रीरोल उडवणारे पुढच्याच तोफेला मिसफायर झाला की हात चोळत बसतात.

## १०. शत्रू तोफेपर्यंत पोचला तर

पोचणारच, बहुधा तिसऱ्या टर्नच्या आसपास. तेव्हा घाबरून सगळं सैन्य मागे वळवू नका. १२० पॉइंटच्या तोफेने दोनशेच्या युनिटला दोन टर्न अडकवून ठेवलं तर तो सौदा वाईट नाही, फक्त त्याची बगल राखणीच्या टप्प्यात हवी. चार्ज करणाऱ्याला तोफ घेऊ द्या, आणि तुमच्या टर्नला डिटॅचमेंट बगलेतून आत घाला.

उरलेल्या यंत्रांनी आता नवी शिकार शोधू नये. अर्धमेली युनिटं, पळून परत सावरलेली, कडेला लपलेली, त्यांच्यामागे लागा. आठव्या आवृत्तीत पूर्ण नष्ट झालेल्या किंवा पळत सुटलेल्या युनिटचेच पॉइंट मिळतात. तीन सैनिक उरले तरी गुण शून्य. पाचव्या-सहाव्या टर्नला मॉर्टारचा एक गोळा अशा तिघांवर टाकणं हे पहिल्या टर्नच्या कुठल्याही बारापेक्षा भारी पडू शकतं.

## द ओल्ड वर्ल्ड खेळणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या द ओल्ड वर्ल्डमध्ये आर्टिलरी डाइसच्या बाजू त्याच आहेत, पण बेस मोठे झालेत. एम्पायरचं साधं पायदळ आता २५ मिलिमीटरवर उभं राहतं. म्हणजे वरचा २१ चा आकडा तिथे १३ वरच धरा, आणि नेमाचं अंतर प्रत्येक जनावराच्या नव्या बेसची खोली मोजून पुन्हा काढा. सोपी युक्ती: बेसची मागची कड बिंदूपासून १० इंचांच्या जराशी पलीकडे यायला हवी. पुठ्ठ्याच्या पट्टीवर हे एका नजरेत कळतं.